शनिवारचं पाणी

आज शनिवार. गेली अडीच वर्षं शनिवारी सकाळी माझा एक कार्यक्रम ठरलेला असायचा. चहा टाकायचा, आदल्या रात्री मीठ घालून ढवळत ठेवलेलं आठ लिटर पाणी तपासायचं आणि टाकीतलं तेवढंच जुनं पाणी काढून हे नवीन भरायचं. आज सवयीने सातला उठलो, चहा टाकला, आणि मग लक्षात आलं की पाणी बदलायचं कशातलं? काच जागेवर आहे, पण कोरडी. मिठाची अर्धी बादली मात्र शिल्लक आहे. कोणाला हवी असेल तर खुशाल घेऊन जा.

तर मंडळी, आज दोन माशांबद्दल. नाव गोबी. (ऑफिसातल्या उत्तरेकडच्या मित्राने पहिल्याच दिवशी "मंचूरियन बनाएगा क्या?" विचारून घेतलं आहे, तेव्हा तो विनोद झालेला आहे असं समजावं.) पूर्ण नाव गोबिओडॉन हिस्ट्रिओ. हिरवा रंग, त्यावर तांबड्या रेघा आणि ठिपके, लांबी जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. म्हणजे माझ्या अंगठ्याच्या वरच्या पेराहून थोडा मोठा.

न्यू जर्सीत आलो तो पहिला हिवाळा वाईट गेला. साडेचारला अंधार पडतो. ऑफिस, घर, डाळ-भात, झोप. तेव्हा शेजारच्या बिल्डिंगमधला एक जण घर सोडून चालला होता, त्याने आपली २० गॅलनची, म्हणजे साधारण ७५ लिटरची टाकी स्वस्तात काढली. मी घेतली. का घेतली ते आजही नीट सांगता येणार नाही. अलिबागकडचा माणूस, समुद्राचं पाणी खोलीत असावं असं वाटलं असेल.

पुढचे सहा महिने मासे नव्हतेच. फक्त केमिस्ट्री. तापमान २५-२६ अंश, पाण्याची घनता १.०२५, अल्कलिनिटी आठ-साडेआठ डीकेएच, कॅल्शियम ४२०. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम आणि कार्बोनेटचा बांधतं, त्यामुळे ही दोन्ही रोज कमी होत जातात आणि रोज थोडी थोडी भरावी लागतात. मी अर्थातच एक्सेल शीट केली. आणि अर्थातच एका रविवारी अल्कलिनिटी कमी दिसली म्हणून एका दमात वर नेली आणि वर लाइटही वाढवला. चार दिवसांत कोरलची सगळी टोकं जळून पांढरी. ऑफिसात ज्युनियर पोरांना "एका वेळी एकच चेंज" म्हणून लेक्चर देणारा मी! प्रॉडक्शनला रोलबॅक असतो, कोरलला नसतो.

ते कोरल म्हणजे अ‍ॅक्रोपोरा, फांद्याफांद्यांचं. आणलं तेव्हा करंगळीएवढा तुकडा होता. ते सावरलं, वाढलं, मुठीएवढं झालं, आणि मग मी हे दोघं आणले. दुकानदार म्हणाला, "कोणतेही दोन उचल, त्यांचं ते बघून घेतील." मला वाटलं, टाळतोय. पण खरं होतं. या माशाचं लिंग दोन्ही दिशांनी बदलू शकतं. मादीचा नर होतो तसा नराची मादीही होते. १९९८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी हे नोंदवलं. कारण सरळ आहे. एवढासा मासा, आजूबाजूला त्याला खायला टपलेले शंभर जण. जोडीदार शोधत एका कोरलवरून दुसऱ्यावर जाणं म्हणजे जिवावरचं काम. त्यापेक्षा जो शेजारी मिळाला त्याच्याशी जुळवून घ्या, स्वतःत बदल करून. माझ्याकडच्या दोघांनी पहिले चार दिवस एकमेकांना यथेच्छ चावून घेतलं आणि मग एकाच फांदीच्या बेचक्यात जाऊन बसले ते बसलेच.

"बसले" हा शब्द बरोबर आहे. हा मासा पोहत नाही फारसा. परांनी टेकून बसतो आणि डोळे फिरवत बघतो. खाणं समोर आलं तर दोन इंच पुढे येऊन पटकन खातो आणि परत जागेवर. नाही आलं तर बसून राहतो. मी ड्रॉपरने बारीक सायक्लॉप्स अगदी तोंडासमोर सोडायचो. रूममेट नागपूरचा. तो म्हणायचा, "अबे, तू तर आईसारखा भरवून राहिला बे त्याले."

आईला व्हिडिओ कॉलवर दाखवले तेव्हा ती म्हणाली, "निवटीसारखंच थोबाड आहे रे याचं." आईचं चुकलं नव्हतं. खाजणातल्या चिखलावर उड्या मारणाऱ्या निवट्या गोबींच्याच भाऊबंदकीतल्या. पुढचा प्रश्न ओघाने आलाच, "हे खात नाहीत का?" म्हटलं, खाऊ नये. याच्या अंगावर खवले नसतात, कडू विषारी बुळबुळीत थर असतो.

वाचत गेलो तसा आणखी नाद लागला. फिजीमध्ये अमेरिकन संशोधकांनी केलेला एक प्रयोग २०१२ साली 'सायन्स'मध्ये आला होता. अ‍ॅक्रोपोराला एक विषारी हिरवं शेवाळ टेकवलं की कोरल पाण्यात रसायन सोडतं, आणि पंधरा मिनिटांच्या आत गोबी येऊन ते शेवाळ छाटायला लागतात. म्हणजे कोरल चक्क अलर्ट पाठवतं आणि हे ऑन-कॉल असतात! हिस्ट्रिओ तर ते शेवाळ खातो आणि त्यामुळे स्वतः आणखी विषारी होतो.

याचीच एक पिवळी चुलत जात आहे, पॅरागोबिओडॉन. ती एका कोरलात घोळक्याने राहते. सगळ्यात मोठे दोघंच अंडी घालतात, बाकीचे आकाराप्रमाणे रांगेत. खालचा वाढत वाढत वरच्याच्या फार जवळ पोहोचला तर त्याला हाकलून देतात. म्हणून खालचे मुद्दाम कमी खातात. हे २००८ साली छापून आलं आहे. मी हे लंचला टीमला सांगितलं तेव्हा मॅनेजर सोडून सगळे हसले. :-)

मागच्या उन्हाळ्यात गोबींनी अंडी घातली. त्यासाठी ते काय करतात ते मला तेव्हा कळलं. कोरलच्या फांदीवरचं जिवंत कातडं पट्टीसारखं कुरतडून काढतात आणि उघड्या पडलेल्या पांढऱ्या सांगाड्यावर अंडी चिकटवतात. दोन वर्षं मी ज्याची एक एक मिलिमीटर वाढ मोजली, त्याच्यावर बोटाच्या पेराएवढा पांढरा पट्टा. जाणकारांनी एकमुखाने सांगितलं, मासे काढ, कोरल वाचव. मी रात्री अकराला जाळी घेऊन टाकीसमोर उभा राहिलो. नर अंड्यांना चिकटून बसला होता. जाळीची सावली पडली तरी हलला नाही. जाळी परत कपाटात ठेवली. (हा निर्णय तांत्रिकदृष्ट्या चूक होता, मान्य आहे.) पाचव्या रात्री अंडी फुटली. सकाळी एकही पिल्लू दिसलं नाही. डोळ्यांना दिसतील न दिसतील इतकी ती बारीक, आणि माझ्या टाकीत पंप आणि फिल्टर. हे चार वेळा झालं. पट्टा पुढे हळूहळू कडेने भरत आला.

नोव्हेंबरात एका मंगळवारी कॅलेंडरवर पंधरा मिनिटांची मीटिंग आली. बारा मिनिटांत संपली. एच-वन-बी वाल्याला नोकरी गेल्यावर जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात, तेवढ्यात दुसरी शोधायची नाहीतर निघायचं. शोधली. कुठवर पोहोचलो, कुठे अडलं, ते इथे सांगत बसत नाही. एक्केचाळिसाव्या दिवशी तिकीट काढलं.

फर्निचर विकायला दोन दिवस लागले. टाकीचं काय? कोरल घेऊन जाणं शक्यच नाही. जिवंत कोरलवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत, आणि आपल्याकडे तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्याच अनुसूचीत ते आहे, वाघाच्या पंगतीला. योग्यच आहे म्हणा. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्यात डोकं घालून मी जे प्रवाळ बघितलेत ते तिथेच बरे. पण म्हणजे पुण्यात हा उद्योग पुन्हा करता येणार नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं.

शेवटी शाळेत गणित शिकवणारे एक गृहस्थ तयार झाले. घरात चारशे लिटरची टाकी, तीस वर्षांचा अनुभव. फोनवर त्यांनी मला अर्धा तास माझ्या अल्कलिनिटीबद्दल विचारलं. मुलगी द्यायच्या आधी स्थळाची चौकशी करतात तशी मी करणार होतो, इथे उलटंच झालं.

गेल्या शनिवारी सकाळी रूममेट आणि मी कामाला लागलो. बाहेर उणे सहा. माझ्या डोक्यात प्लॅन होता, आधी मासे जाळीत धरायचे, मग कोरल काढायचं. मासे धरायला खडक हलवावे लागणार, पाणी गढूळ होणार वगैरे. मी कोरल जरा बाजूला करावं म्हणून उचललं. उचलता उचलता ते पाण्याबाहेर आलं, आणि ते दोघं त्याच बेचक्यात. पाणी निथळतंय, कल्ले हलतायत, डोळे माझ्यावर. बाहेर उडी नाही, धडपड नाही.

"अबे, हे तर निघूनच नाही राहिले बे!" रूममेट ओरडला.

हेही नंतर वाचलं. मोठ्या ओहोटीला कोरल उघडं पडतं तेव्हा हे मासे फांद्या सोडत नाहीत, तीन तासांहून जास्त वेळ हवेत श्वास घेऊन तग धरतात. लिझर्ड आयलंडवर २००४ मध्ये तपासलंय. पण त्या क्षणी मला यातलं काही माहीत नव्हतं. मी नुसता थंडगार ओलं कोरल हातात धरून उभा, आणि रूममेट बादली आणायची सोडून माझ्याकडे बघतोय. मग त्याने बादली आणली.

थर्माकोलच्या खोक्यात बादली, दोन्ही बाजूंना गरम पाण्याच्या बाटल्या, गाडीचा हीटर फुल. चाळीस मिनिटं मी मागच्या सीटवर झाकणावर हात ठेवून बसलो. मास्तरांनी एक शब्द न बोलता थर्मामीटर बुडवला, मग थेंब थेंब पाणी मिसळत तासभर काढला, आणि कोरल आपल्या टाकीत मधल्या खडकावर ठेवलं. गोबी बेचक्यात. त्यांनी विचारलं, नावं काय यांची? अडीच वर्षांत मी ठेवलीच नव्हती.

काल त्यांचा फोटो आला. नवीन पांढरा पट्टा पडलाय. खाली लिहिलंय, हे मला आधी सांगायला हवं होतंस.

विमान येत्या गुरुवारी आहे. आईने विचारलं, आल्यावर जेवायला काय करू, सुरमई, बोंबील, की निवट्या मिळाल्या तर त्या? म्हटलं, काहीही कर, निवट्या सोडून.