घराचा वास आणि घराचा भाव

दादर, मुंबई

चि. बाळ,


ताईच्या, म्हणजे तुझ्या आईच्या, माघारी गिरगावची जागा विकायला काढायचं ठरवलंस, ते योग्यच केलंस. तुम्ही पुण्यात, इथे कुलूप. बंद घराला पावसाळा लवकर खातो. पण एजंटने दिलेला सल्ला तू फोनवर सांगितलास, तेव्हापासून तुला नीट लिहायचं मनात आहे. गिऱ्हाईक यायच्या आधी सुगंधी फवारा मारा, उदबत्त्या लावा, इथे मासे शिजायचे हे कळता कामा नये, असं तो म्हणाला. त्याने सगळे वास एकाच माळेत ओवले आहेत. काही वास घर बिघडल्याचे असतात, काही घरात माणसं नांदल्याचे. पहिले लपवू नयेत आणि दुसऱ्यांची लाज बाळगू नये, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी बिघाडाचं. दार उघडल्याबरोबर गटारासारखा वास येतो म्हणालीस. बहुतेक नहाणी ट्रॅप कोरडा पडला असेल. जाळीखालच्या त्या भागात थोडं पाणी कायम साचून असतं आणि तेच गटारातली हवा अडवून धरतं. घर महिनोन्‌महिने वापरात नसलं की ते पाणी उडून जातं आणि हवेला वाट मिळते. मोरीत, बेसिनमध्ये, संडासात भरपूर पाणी ओत आणि एक दिवस थांब. तरी वास राहिला तर प्लंबरला बोलाव.

कुबट वास येतो, तो मात्र ओलीचा. भिंतीला चिकटून असलेलं कपाट पुढे ओढ आणि मागे बुरशी आहे का बघ. वरून नुसता रंग दिलास तर पुढच्या पावसात पोपडे पुन्हा वर येतील. पाणी कुठून मुरतंय ते आधी शोधायला हवं: वरच्यांची मोरी, बाहेरचा पाइप की गच्ची. दुरुस्ती तुझ्या आवाक्यातली नसेल तर घेणाऱ्याला तसं स्पष्ट सांग. इथे चांगुलपणाइतकाच कायद्याचाही प्रश्न आहे. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 55 सांगतं की, विकणाऱ्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न कळणारा मोठा दोष विकणाऱ्याने उघड केला पाहिजे. ओलीवर अत्तर शिंपडणं म्हणजे नेमका तोच दोष झाकणं. शिवाय स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतोच म्हण ना. गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन मुद्दाम मिसळतात. फवारे आणि धूर यांच्या गर्दीत तो इशाराही हरवू शकतो.

आपल्या नाकावर या कामात विसंबू नकोस. रोजच्या वासाला नाक काही मिनिटांत सरावतं आणि तो कळेनासा होतो. शेजारच्यांनाही विचारण्यात अर्थ नाही, तेही त्याच वाडीतले. बाहेरून आलेल्या एखाद्या मैत्रिणीला घेऊन जा आणि उंबऱ्यातच विचार.

आता माशांचं. समुद्राच्या खारेपणाला तोंड देता यावं म्हणून माशाच्या अंगात एक द्रव्य असतं. मासा मेला की जिवाणू त्याचं ट्रायमिथाइलअमीन करतात आणि नाकाला लागतो तो वास त्याचाच. आंबटाशी गाठ पडली की ते बांधलं जातं, हवेत उडत नाही. आपल्या बायकांनी कोकम, चिंच, लिंबू हाताशी ठेवलं, त्यात चवीइतकाच हाही गुण होता. जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून ताई सुकट-बोंबील भरून ठेवायची. लालबागला डंकावर कुटलेला वर्षाचा मसालाही त्याच फळीवर. हे वास भिंतीपेक्षा तेलकट थरात आणि कापडात जास्त मुरतात. पडदे, गाद्यांचे अभ्रे धुऊन टाक, ओट्यामागच्या फरश्या आणि पंख्याची पाती सोड्याच्या पाण्याने घासून घे, डबे रिकामे कर, दोन्हीकडच्या खिडक्या उघड. एवढं झालं की घर मोकळं होईल. घर स्वच्छ करून दाखवणं हा येणाऱ्याचा मान आहे आणि तो आपण राखायचाच.

मात्र एजंटच्या बोलण्यात वासाआड माणसांबद्दलचं मत दडलं आहे, आणि ते तू मान्य करू नयेस असं मला फार वाटतं. परळ-लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून बायकांनी गिरणी कामगारांच्या खानावळी चालवल्या. भाजणं, फोडणी, रस्सा यांचा वास जिन्यापर्यंत यायचा, तीच त्या घरांची मिळकत होती. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच बायकांसाठी. सावकाराच्या व्याजातून सुटून त्यांना बँकेचं कर्ज मिळू लागलं, ते याच स्वयंपाकाच्या जोरावर. ज्या वासावर गिरणगावातल्या कितीतरी घरांतल्या मुलांची शिक्षणं झाली, तो वास गिरगावातल्या घराचा दोष कसा ठरेल?

एखाद्या गिऱ्हाइकाला मासे चालत नसतील. त्याची श्रद्धा असेल, सवय असेल. त्याने जागा नाकारली तर तो त्याचा हक्क. त्याने विचारलं तर सरळ हो म्हण, इथे मासे शिजायचे. तेवढ्यावरून एजंट भाव पाडायला लागला, तर एक रुपयाही सोडू नकोस. ओलीसाठी मात्र घेणाऱ्याने मागण्याआधी आपण होऊन कमी कर.

कळव काय झालं ते.

तुझी,
मावशी