पेव्हर ब्लॉकवरचा किल्ला

दिवाळीचा मातीचा किल्ला हे मुळात मुलांचे काम. मोठ्यांनी दगडमाती आणून द्यायची, किल्ला कसा असेल ते मुलांनी ठरवायचे, अशी त्याची रीत. मुलुंड, घाटकोपर, बोरिवलीतल्या चाळी आणि बैठ्या वसाहती जाऊन टॉवर उठले, आवारात पेव्हर ब्लॉक बसले आणि माती मिळेनाशी झाली. बाजारातला प्लास्टरचा तयार किल्ला जागा भरून काढतो, पण त्यात मुलांच्या हाताला काहीच उरत नाही.

ही रीत सोसायटीत परत आणायला चौथीतले एक मूल पुरते. राज्य मंडळाच्या चौथीच्या इतिहासात शिवचरित्र असते. ते वाचून मुलाने हट्ट धरला की आजी-आजोबांचे हातही शिवशिवू लागतात.

लाल माती नर्सरीत पिशवीने मिळते. खाली जाड प्लास्टिक पसरावे. विटा-दगडांचा उतरता सांगाडा रचून त्यावर चिखलात बुडवलेले गोणपाट घट्ट ओढून बसवावे. नुसती माती वाळली की भेगा पडून ढासळते, गोणपाट तिला धरून ठेवते. वसुबारसेच्या चार-पाच दिवस आधी उतारावर अळीव किंवा मोहरी पेरावी आणि पाणी हातानेच शिंपडावे. नळीच्या धारेने बी वाहून जाते.

खरे शिक्षण तटबंदीपाशी सुरू होते. राजगडाच्या संजीवनी माचीला दुहेरी तट आहे. चिखलाचे दोन तट जवळजवळ उभे करताना बाहेरचा पडला तरी आतला लढता राहतो, हे मुलाला स्वतःच्या बोटांनी कळते. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या आड आहे. मूल मावळ्याला पायवाटेने वर चढवत नेते, दार शेवटपर्यंत दिसत नाही, आणि शत्रूची अडचण त्याच्या लक्षात येते. इथे मोठ्यांनी हात आवरावा. मुलाचा वाकडा बुरूज मोठ्यांच्या सरळ बुरुजापेक्षा मोलाचा.

युनेस्कोने 2025 मध्ये मराठ्यांच्या 12 किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला. निवडीसाठी ती यादी मुलांपुढे ठेवावी. त्यातला तमिळनाडूतला जिंजी मुद्दाम करून पाहावा. तीन टेकड्या तटाने जोडायच्या असल्याने तीन मुलांना एकेक टेकडी वाटून देता येते.

महाराज सर्वांत वर, मावळे दारांशी, शेतकरी-गवळणी पायथ्याला मांडतात. तुळशीच्या लग्नानंतर चित्रे कागदात गुंडाळावीत, गोणपाट धुऊन वाळवावे आणि माती गोणीत भरून गच्चीवर झाकून ठेवावी. पुढच्या वर्षी तीच कालवता येते.