लिहाज

आमच्या घरी गाडी आली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये, आणि पाचव्या दिवशी ती दोरीने बांधून ओढत न्यावी लागली. त्या दिवशी विठ्ठलवाडीत ज्यांनी आम्हाला पाहिले, ते अजून भेटले की विचारतात, "मास्तर, गाडी काय म्हणते?" उर्दू शाळेतला शिक्षक, घराचे हप्ते चालू, आणि घेतली काय, तर १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी! हसणाऱ्यांचा मला राग नाही. पण त्या गाडीचे इंजिन उघडले तेव्हा त्यातून काही माझ्याही घरातले, माझ्याही वर्गातले बाहेर आले. ते सांगावे म्हणून लिहायला बसलो आहे.

अब्बांनी मुंबईत सत्तावीस वर्षे टॅक्सी चालवली. दुसऱ्याची. पहाटेच्या लोकलने विठ्ठलवाडीहून निघायचे, मालकाच्या दारातून पद्मिनी काढायची, संध्याकाळी ठरलेले पैसे त्याच्या हातावर ठेवायचे आणि उरलेले खिशात घालून परत लोकलने घरी. गुडघे आणि डोळे थकले तेव्हा ते घरी बसले. स्वतःच्या नावावर गाडी मात्र कधी झाली नाही. आमची शिक्षणे, बहिणीचे लग्न, यात ती राहूनच गेली.

पद्मिनीबद्दल ते माणसाबद्दल बोलावे तसे बोलत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या परवान्याने गाड्या बनू लागल्या, आणि सत्तरच्या दशकात फियाट ११०० हिला पद्मिनी हे नाव मिळाले. इंजिन १०८९ सीसीचे. नळकांड्याचा व्यास ६८ मिलिमीटर, पिस्टनची धाव ७५. ही मापे इटलीत १९३७ सालापासून चालत आलेली. १९५३ मध्ये तिथे याच ११००ची 'तुरिस्मो वेलोचे' नावाची वेगवान आवृत्ती निघाली आणि ती शर्यतींतही धावली. अब्बांना सालेबिले ठाऊक नव्हती. ते एवढेच म्हणत, "दिसायला गरीब आहे, पण रेसची औलाद आहे."

मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. ही बातमी अब्बांनी दोनदा वाचली, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "चला, तीही रिटायर झाली." त्या रात्री मी ठरवले, अब्बांना पद्मिनी घेऊन द्यायची. आणि सांगायचे नाही. एकदम दारात उभी करायची.

आमच्या बेगमने भिशीचे पैसे काढून दिले. एका ओळखीच्याने नदीकाठच्या एका गावातला पत्ता दिला. गाडीचे मालक वयस्क गृहस्थ होते, पांढरी दाढी, बोलणे मृदू. घरात बसवले, सरबत दिले. मी शिक्षक आहे कळल्यावर म्हणाले, "मग तुमच्याशी खोटं कसं बोलणार?" आम्ही अंगणात गेलो तेव्हा बॉनेटवर हात ठेवला, तो गरम लागला. ते म्हणाले, "तुम्ही येणार म्हणून आत्ताच फिरवून आणली." मला तो आदरसत्कार वाटला. चावी फिरवताच इंजिन सुरू झाले.

कागद मात्र मी बारकाईने पाहिले. आरसी, विमा, पीयूसी, नूतनीकरणाची तारीख. कागद तपासणे हा तर माझा पेशाच. बॉनेट उघडले नाही. शाळेतल्या एका सहकाऱ्याने आधीच बजावले होते, "पाचशे रुपये दे, पण सोबत मेकॅनिक ने." मला ती कल्पनाच सहन झाली नाही. ज्याच्या घरचे सरबत प्यालो, त्याच्या पांढऱ्या दाढीसमोर मेकॅनिकला बॅटरी घेऊन वाकायला लावायचे? म्हणजे तोंडावर खोटारडा म्हणण्यासारखेच. आमच्या घरात याला लिहाज म्हणतात आणि लहानपणापासून तो आमच्या अंगात मुरवलेला असतो. सत्तर हजार रुपये मोजून दिले आणि मुसाफा करून निघालो.

गाडी दारात आली तेव्हा अब्बा खाली उतरले, काठी भिंतीला टेकवली आणि गाडीभोवती एक फेरी मारली. मग आत बसले. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावर त्यांची बोटे न बघता जाऊन बसली. बेगमने मोबाइलवर फोटो काढला. अम्मी हयात असत्या तर, एवढेच सर्वांच्या मनात आले.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर मी खिडकीतून पाहिले. अब्बा एकटेच बॉनेट उघडून उभे होते. त्यांनी ऑइलची पट्टी काढली, बोटावर तेल घेऊन वास घेतला. इंजिनवरचे तेल भरायचे झाकण काढून आतून निरखले. रेडिएटरचे झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात बराच वेळ पाहत राहिले. मग रुमालाने बोटे पुसली आणि बॉनेट अगदी हलक्या हाताने, आवाज न करता बंद केले.

नाश्त्याला मी विचारले, "अब्बा, कशी आहे?"

"चांगली आहे," ते म्हणाले.

पाचव्या दिवशी मी त्यांना घेऊन कल्याणला निघालो होतो. वालधुनीच्या पुलावर तापमानाचा काटा वर गेला, बॉनेटमधून वाफ उसळली, आतून कोणीतरी हातोडी मारतेय असे ठोके आले आणि इंजिन बंद पडले. मागे हॉर्नचा गदारोळ. अब्बा शांत बसून होते, जणू त्यांना हे स्टेशन कधी येणार ते माहीत होते.

विठ्ठलवाडीत आमच्या घरापासून जवळच एक जुना गॅरेजवाला आहे. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. शाळेत मुले मलाही त्याच शब्दाने ओळखतात, पण खरा उस्ताद कोण ते त्या दिवशी कळले. त्याने हेड खोलले. ऑइल दुधाळलेल्या चहासारखे झाले होते. हेडचे गॅसकेट जळून पाणी तेलात शिरत होते. ॲल्युमिनियमचे हेड वाकले होते. दोन नळकांड्यांच्या आत गंजाच्या कड्या दिसत होत्या. त्याने मागची सीट उचलली, तळातून नखाने थोडी वाळलेली माती खरवडली आणि माझ्या तळहातावर ठेवली. बारीक, करडी, पिठासारखी. या भागातल्या माणसाला तो गाळ ओळखायला शिकवावे लागत नाही. २६ जुलै २००५चा पूर असो की महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ पाण्यात अडकली तो २७ जुलै २०१९चा. पाणी ओसरले की घराघरांत हाच गाळ उरतो.

"पानी में बैठी हुई गाडी है," उस्ताद म्हणाला. "हाफ इंजिन से नहीं होगा, फुल करना पडेगा." मग अब्बांकडे वळून म्हणाला, "चाचा, आपको तो पहले दिन ही दिखा होगा."

अब्बा काही बोलले नाहीत.

रात्री मी त्यांच्या खोलीत गेलो. "तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू किती खुशीत होतास," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "आणि तू तरी मला कुठे विचारलंस? सत्तावीस वर्षं मी तिच्या पोटात हात घातलाय. मला विचारून घेतली असतीस तर पाच मिनिटांचं काम होतं."

मला राग आला, आणि तो कोणावर काढावा ते कळेना. गाडीच्या आधीच्या मालकांना फोन केला. त्यांचा आवाज तसाच मृदू होता. "मास्तर, जुनी गाडी आहे. तुम्ही बघून घेतलीत ना?" मी बघितली नव्हती. उत्तर नव्हते. फोन ठेवला.

धान्याच्या ढिगाची ती हदीस मी वर्गात कितीतरी वेळा सांगितली आहे. हजरत पैगंबर (स.) बाजारातून जात असताना एका ढिगात हात घालतात, बोटांना ओल लागते. विक्रेता म्हणतो, पाऊस पडला होता. ओला भाग वर का नाही ठेवलास, लोकांना दिसला असता, असे ते त्याला विचारतात आणि फसवणाऱ्याशी आपले नाते नाकारतात. मी दर वेळी मुलांना विक्रेत्याचा गुन्हा समजावला. पण ढिगात हात घातला गेला होता, हा अर्धा भाग माझ्या कधी ध्यानातच आला नाही. ज्यांच्याइतका लिहाज कोणाला नसेल, त्यांनी वरवरच्या कोरड्या दाण्यांवर भरवसा ठेवला नाही. माझ्या ढिगालाही पाणीच लागले होते. हात मी घातला नव्हता.

त्यानंतरचे तीन महिने माझे रविवार गॅरेजात गेले. ब्लॉक लेथवाल्याकडे गेला, चारही नळकांडी बोअर होऊन आली, त्यांच्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा शोधत मी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर दोन दुपारी हिंडलो. क्रँक घासून घेतला, बेअरिंगे नवी घातली, हेडचे फेसिंग झाले. खर्च बेचाळीस हजारांवर गेला. बेगमने एकदाही हिशेब विचारला नाही. तिच्या त्या गप्प राहण्याचीही आता मला भीती वाटू लागली होती. शेवटी मीच वही उघडून तिच्यासमोर ठेवली. तिने ती शेवटपर्यंत वाचली आणि मग जे बोलायचे ते बोलली. दोघांनाही बरे वाटले.

व्हॉल्व्ह बसवायचे काम अब्बांनी मागून घेतले. स्टुलावर बसून, कडेला पेस्ट लावून, काठीच्या टोकाला रबरी टोपी असते ती व्हॉल्व्हवर चिकटवून, दोन्ही तळहातांमध्ये ती काठी रवीसारखी फिरवत ते तासन् तास बसत. आठ व्हॉल्व्ह. प्रत्येक झाला की हेड उलटे करून त्या खाचेत रॉकेल ओतायचे आणि वाट पाहायची. खाली थेंब उतरला तर पुन्हा घासायचे. एकदा मी म्हणालो, "दिसायला तर एकदम गोल दिसतोय." अब्बा म्हणाले, "दिसण्याचं सोड. रॉकेल ओत."

हे वाक्य मी सोमवारी शाळेत घेऊन गेलो.

मी उर्दू माध्यमाच्या मुलांना मराठी शिकवतो. त्या वर्षी, २०२३-२४ मध्ये, पाचवी आणि आठवीची वार्षिक परीक्षा पुन्हा आली होती; नापास होणाऱ्याला पुन्हा संधी, तरीही नापास झाला तर त्याच वर्गात. माझ्या आठवीत एक मुलगा होता, फार अदबशीर. मी "समजलं?" म्हणालो की सर्वांत आधी त्याची मान हलायची. वही स्वच्छ, अक्षर सुरेख. त्या सोमवारी मी एकेका मुलाला टेबलाशी बोलावून न शिकवलेला उतारा वाचायला दिला. तो मुलगा उभा राहिला, पहिला शब्द त्याने ओळखला, दुसऱ्यावर अडला, आणि मग पुस्तकाकडे न बघता भलतेच काही म्हणू लागला. त्याला वाचता येत नव्हते. फळ्यावरचे तो चित्रासारखे उतरवून घेत असे. त्याची मागच्या दोन वर्षांची मराठीची प्रगतिपत्रके मी काढून पाहिली. खाली सही माझीच होती.

मी त्याला जवळ बसवून विचारले, "बेटा, समजत नव्हतं तर मान का हलवायचास?"

तो खाली बघत म्हणाला, "सर, आप इतनी मेहनत से पढाते हैं. ना कैसे बोलूँ?"

त्या मुलाला मी काय बोलणार होतो? तो आमच्याच घरातला वाटला. आमच्याकडे लिहाजाने माणसे जोडली जातात, हे खरे आहे आणि मला ते मोडायचे नाही. पण जिथे कोणाचे काही पणाला लागलेले असते, तिथे हाच लिहाज गाळासारखा तळाशी बसतो आणि वरून सगळे कोरडे दिसते. त्या दिवसापासून मी वर्गात "समजलं?" हा प्रश्न विचारत नाही. वाचून दाखव म्हणतो. तो मुलगा रोज मधल्या सुट्टीत वीस मिनिटे माझ्याकडे बसू लागला. एप्रिलपर्यंत छोटी वाक्ये तो बोट ठेवून वाचत होता. अडखळतच, पण पुस्तकाकडे बघून.

गाडी सुरू झाली ती रविवारी, १० मार्च २०२४ रोजी, रमजान लागण्याच्या अगदी तोंडावर. उस्तादने सकाळी बोलावले होते. अब्बांची अट होती की आम्ही येईपर्यंत इंजिनला हात लावायचा नाही. त्यांनी स्वतः बॉनेटवर तळवा ठेवून ते थंड असल्याची खात्री केली आणि मग मला चावी फिरवायला सांगितले. तिसऱ्या झटक्याला चारही नळकांडी बोलू लागली.

नव्या इंजिनाला पहिले काही शे किलोमीटर दमाने चालवावे लागते. म्हणून चाळीसच्या वर काटा न नेता आम्ही मलंगगडाच्या रस्त्याने निघालो. अब्बा चालवत होते. गाडी आता त्यांच्या नावावर होती. आरसी त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवली होती. नेवाळी नाक्याच्या पुढे गड समोर आला तेव्हा त्यांनी गाडी कडेला घेतली.

"उतर," ते म्हणाले. "बॉनेट उघड."

मी उघडले. त्यांनी मला जवळ ओढून एकेक दाखवायला सुरुवात केली. टॅपेटचा आवाज थोडा जास्त आहे. टायमिंगच्या बाजूला तेल पाझरतेय, अजून थेंब नाही, पण येईल. पंख्याचा पट्टा ढिला आहे. आणि दुसरा गिअर टाकताना मी घाई करतो.

"अजून काही?" मी विचारले.

"आहे," अब्बा म्हणाले, "पण ते परत जाताना सांगतो."