बटण दाबलं... आणि पंखा नुसताच हलला!

दोस्तांनो, घरातलं एखादं यंत्र बंद पडलं की आपल्याकडे पहिला उपाय कोणता होतो, सांगा बरं? बरोबर! वरून एक सणसणीत थापड! जुन्या टीव्हीला आणि रेडिओला ही मात्रा कधीकधी लागूही पडायची. आतला एखादा सैल जोड हादऱ्याने जागेवर बसायचा, आणि थापड मारणारा शेजारीपाजारी इंजिनिअर म्हणून मिरवायचा. कॉम्प्युटरला मात्र थापडेची भाषा कळत नाही. त्यातून तो तुम्ही स्वतः एकेक भाग आणून जोडलेला असेल, तर त्याच्यावर हातही उचलवत नाही.

माझ्या भाचीचं, मुक्ताचं असंच झालं. ती साताऱ्याला असते. दहावीनंतरच्या सुट्टीत तिने पुण्याहून सगळे भाग आणले: मदरबोर्ड, प्रोसेसर, मेमरी, एसएमपीएस आणि कॅबिनेट. पैसे तिचे स्वतःचे होते. भाऊबीजेचे, वाढदिवसाचे, आजीने गुपचूप हातात कोंबलेले, असे तीन वर्षं साठवलेले. कमी पडले ते दाजींनी घातले, पण एका अटीवर. "चालला नाही तर पुन्हा कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही. तयार घे म्हणत होतो!"

सबंध दिवस खपून तिने तो जोडला. बटण दाबलं. पंखा अर्धा फेरा हलला आणि थांबला. पुन्हा दाबलं, तर तेवढंही नाही. मी संध्याकाळी पोचलो तेव्हा घरात सुतक असल्यासारखी शांतता होती. शेजारचे एक काका येऊन "प्रोसेसर जळलाय" असा निकाल देऊन गेले होते. दाजी पेपर वाचत होते, पण पान काही उलटत नव्हते! आणि मुक्ता सगळं पुन्हा खोक्यात भरायला निघाली होती.

"थांब," म्हटलं, "आधी मला सांग, बटण दाबल्यावर नेमकं काय झालं?"

"काय सांगू मामा? चालू होत नाही!"

आता गंमत ऐका. "चालू होत नाही" या एका वाक्यात तीन वेगळी दुखणी लपलेली असतात. एक, यंत्र अगदी ठार. दिवा नाही, आवाज नाही. दोन, पंखा क्षणभर हलून थांबतो. तीन, पंखे छान फिरतात पण पडदा काळाच. या तिघांचे उपाय निराळे. तिसऱ्या प्रकारात बहुधा मेमरीची पट्टी नीट बसलेली नसते, नाहीतर प्रोसेसरशेजारचं विजेचं कनेक्शन राहिलेलं असतं. कधीकधी तर दोषच नसतो! डीडीआर-५ मेमरीचे बोर्ड पहिल्या खेपेला मेमरीची चाचपणी करताना काही मिनिटं पडदा काळा ठेवतात, आणि घाबरट माणसं मधेच वीज बंद करतात.

मुक्ताचं दुखणं दुसऱ्या प्रकारातलं. हे कळलं की अर्ध्या संशयितांना आपण घरी पाठवू शकतो. कसं ते पाहा.

पहिला संशयित भिंतीतला सॉकेट. तिथे मोबाइलचा चार्जर लावला, मोबाइल चार्ज होऊ लागला. सॉकेट सुटला. दुसरा, एसएमपीएसच्या मागचं बटण. त्यावर उभी रेघ आणि गोल अशी दोन चिन्हं असतात. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू. कित्येक "बिघडलेले" कॉम्प्युटर या एका बटणाने दुरुस्त झालेत, बरं का! पण आपलं बटण चालू होतं, आणि बोर्डावरचा एक बारकासा दिवाही लागलेला होता. तो दिवा म्हणजे मोठा साक्षीदार! भिंत, वायर, मागचं बटण, सगळे निर्दोष असल्याशिवाय तो लागत नाही.

पण कॉम्प्युटर बंद असताना दिवा कसा लागतो? इथे थोडा इतिहास. जुन्या कॉम्प्युटरचं बटण घरातल्या दिव्याच्या बटणासारखं असायचं, म्हणजे थेट मुख्य वीजच तोडायचं आणि जोडायचं. १९९५ साली इंटेलने एटीएक्स ही नवी रचना आणली आणि बटणाची नोकरीच बदलली. आता एसएमपीएस पूर्ण झोपत नाही, डुलकी घेत पडलेला असतो. तेवढ्यातही तो बोर्डाला ५ व्होल्टचा बारीक पुरवठा करत राहतो. तुम्ही बटण दाबता तेव्हा बोर्डाला फक्त निरोप जातो. मग बोर्ड २४ पिनांच्या मोठ्या प्लगमधली सोळाव्या क्रमांकाची वायर ग्राउंडला जोडतो, आणि एसएमपीएस खडबडून उठतो. जुन्या एसएमपीएसमध्ये ही वायर हिरवी असते. हल्ली पुष्कळदा सगळ्याच वायरी काळ्या असतात, त्यामुळे रंगावर जाऊ नका.

म्हणजे पंखा अर्धा फेरा का होईना हलला, याचा अर्थ निरोप पोचला होता. बटण निर्दोष, बटणाच्या वायरीही निर्दोष.

मग उठलेला एसएमपीएस लगेच आडवा का झाला? चांगल्या एसएमपीएसमध्ये एक पहारेकरी असतो. कुठे शॉर्ट सर्किट दिसलं की तो पुरवठा ताबडतोब तोडतो. आणि काही एसएमपीएस असे रुसतात, की मागचं बटण बंद करून थोडं थांबून पुन्हा लावल्याशिवाय उठतच नाहीत. मुक्ताला विचारलं, "दुसऱ्यांदा दाबलं तेव्हा पंखा अजिबात हलला नाही ना?" ती म्हणाली, "अजिबात नाही." आम्ही मागचं बटण बंद केलं, मिनिटभर थांबलो, पुन्हा लावलं. पंखा पुन्हा अर्धा फेरा हलला! तिचे डोळे चमकले. "म्हणजे कुठेतरी शॉर्ट आहे!"

एसएमपीएसचा डबा उघडून बघायची कल्पना याच वेळी डोक्यात येते. ती तिथेच गाडून टाका. आपल्या २३० व्होल्टच्या विजेवर त्याच्या आतले कपॅसिटर सव्वातीनशे व्होल्टच्या पुढे भरलेले असतात, आणि वायर काढल्यावरही ते काही काळ तसेच राहू शकतात. तो डबा मोठ्यांनीही उघडायचा नसतो. मीही उघडत नाही.

मग शॉर्ट शोधायचा कसा? सगळं बाहेर काढून! हे ऐकून मुक्ताचा चेहरा पडला. दिवसभराचे कष्ट, आणि आता उलट्या पावली परत. पण एकदा ठरवल्यावर तिने काम झटपट केलं. आधी भिंतीतला प्लग काढला. हाताला अंगची स्थिर वीज असली तर उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला बोट लावलं. मग स्क्रू काढून बोर्ड अलगद उचलला आणि त्याच्याच पुठ्ठ्याच्या खोक्यावर ठेवला. खोक्यावरच, चंदेरी पिशवीवर नाही! त्या पिशव्यांच्या बाहेरच्या अंगातून थोडी वीज वाहू शकते. बोर्डावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा आणि मेमरीची एक पट्टी. बाकी पाहुणे बाजूला.

कॅबिनेटचं बटण आता नव्हतं, तेव्हा बोर्डावरच्या बटणाच्या दोन पिनांना स्क्रू-ड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. बटण तरी दुसरं काय करतं? पण नेमक्या कोणत्या पिना, हे बोर्डाच्या पुस्तिकेत बघूनच. मुक्ताने तीनदा पाहिलं, श्वास रोखला आणि टोक टेकवलं.

पंखा फिरला. फिरतच राहिला. मॉनिटरवर अक्षरं उमटली. पेपर खाली आला आणि दाजी म्हणाले, "लागला की!"

जळालेला म्हणून जाहीर झालेला प्रोसेसर ठणठणीत होता. पण खरा चोर अजून मोकळाच होता. आणि तो मी नाही, मुक्ताने पकडला. मी बोर्ड परत बसवायला सांगणार, तर ती टॉर्च घेऊन रिकाम्या कॅबिनेटमध्ये डोकं घालून बसली. "मामा, बोर्डाला भोकं नऊ आहेत. इथे खांब दहा आहेत!"

खांब म्हणजे पितळेचे छोटे आटेवाले ठोकळे. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून ते मधे लावतात. मोठ्या एटीएक्स बोर्डाला नऊ जागी भोकं असतात. लांबीने लहान असलेल्या मायक्रो-एटीएक्स बोर्डाची काही भोकं वेगळ्या जागी येतात. कॅबिनेटमध्ये दोन्ही बसतात, आणि कारखान्यातूनच लहान बोर्डासाठीचा एक खांब लावून आला होता. मोठा बोर्ड त्याच्यावर ठेवला की वरच्या बाजूला काही दिसत नाही. खाली मात्र खांबाचं टोक डाखाच्या उघड्या टोकांना चिकटतं, आणि वीज थेट पत्र्यात! माहितीपत्रकात नुसतं चित्र होतं, शब्द एकही नाही.

मुक्ताने पक्कड घेऊन तो दहावा खांब सोडवला. बोर्ड पुन्हा बसला. या वेळी तिने एक वायर लावायची, मागचं बटण लावून बघायचं, बंद करायचं, मग पुढची वायर, असा क्रम धरला. दर खेपेला प्लग काढणं तेवढं कंटाळवाणं, पण ते तिने एकदाही टाळलं नाही.

रात्री अकराला ताईने तिसऱ्यांदा जेवायला हाक मारली. तोवर पेन ड्राइव्हवरून लिनक्स चढत होतं, आणि दाजी खुर्ची ओढून मुक्ताला विचारत होते, "यात आपल्या शेतीचा हिशेब ठेवता येईल का गं?"