खांदेरी यादीत आली, उंदेरी कुठाय?

मंडळी, गेल्या वर्षभरात एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. आज लिहूनच टाकतो.

११ जुलै २०२५ ला युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले. आपल्या जिल्ह्यातले दोन, रायगड आणि खांदेरी. दुसऱ्या दिवशी मी थळच्या किनाऱ्यावर फोटोला गेलो. पावसाळा, मासेमारी बंद, होड्या शाकारून ठेवलेल्या. एक म्हातारे तांडेल जाळं विणत बसले होते. म्हटलं, "नाना, आपली खांदेरी जगाच्या यादीत गेली."

त्यांनी मान वर न करता विचारलं, "आन् उंदेरी?"

मी म्हटलं, ती नाही. मग ते म्हणाले, "आन् लढाईत मेलेल्या आमच्या मानसांची नावां कुठं लिवलीत?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बातमीत मी फक्त महाराजांचं नाव टाकलं होतं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. १६७९ च्या पावसाळ्यात शिवाजी महाराजांनी खांदेरीवर बांधकाम सुरू केलं. मायनाक भंडारी माणसं आणि तोफा घेऊन बेटावर उतरले. बेट मुंबई बंदराच्या तोंडाशी, त्यामुळे इंग्रज अस्वस्थ झाले आणि त्यांनी जहाजं पाठवून वाट अडवली. सप्टेंबरमध्ये त्यांचा लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला आणि मारला गेला. १८ ऑक्टोबरला पहाटे दौलतखान आरमार घेऊन इंग्रजांवर चालून गेला. वारा पडलेला असला की मोठी शिडाची जहाजं जागची हलत नाहीत, आपली गलबतं मात्र वल्ह्यांवर चालतात. इंग्रजांची 'डव्ह' नावाची गुराब आपल्या हाती लागली, त्यांची बरीच छोटी जहाजं पळाली. 'रिव्हेंज' मात्र तोफा डागत टिकून राहिली आणि आपल्यालाही माघार घ्यावी लागली. म्हणजे त्या दिवशी एकतर्फी विजय कुणाचाच नव्हता.

पण खांदेरी टिकली ती त्या एका दिवसामुळे नाही. रात्री अंधारात लहान होड्या इंग्रजांचा पहारा चुकवून बेटावर दाणागोटा आणि सामान पोचवत राहिल्या, म्हणून टिकली. शेवटी इंग्रज कंटाळले आणि १६८० च्या सुरुवातीला निघून गेले.

आता उंदेरीचं. इंग्रजांच्या मदतीला आलेल्या जंजिऱ्याच्या सिद्दीने जानेवारी १६८० मध्ये शेजारची उंदेरी बळकावली आणि तटबंदी सुरू केली. दौलतखानाने हल्ला केला, तो फसला. त्यानंतर कित्येक वर्षं ही दोन बेटं एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. थळच्या पुळणीवरून दोन्ही एका नजरेत दिसतात. जिंकलेलं आणि हातचं गेलेलं, शेजारी शेजारी.

आपण आठवण ठेवली ती एकाची. १९९८ मध्ये खांदेरीला कान्होजी आंग्र्यांचं नाव दिलं. २०१९ मध्ये नौदलात 'खांदेरी' पाणबुडी दाखल झाली. हे सगळं अभिमानाचंच आहे, मलाही आहे. पण उंदेरीचे बुरुज खाऱ्या वाऱ्यात उभे आहेत, आणि दौलतखान आपल्या भाषणांत क्वचितच येतो.

आणि नावांचं म्हणाल तर, थॉर्पचं नाव आपल्याला ठाऊक आहे कारण सुरत आणि मुंबईच्या वखारीतले इंग्रज सगळं लिहून ठेवायचे. ज्यांनी वल्ही मारली, रात्री तांदूळ पोचवला, त्या कोळी-भंडाऱ्यांची नावं लिहायला कुणी बसलं नाही. आपला इतिहास आपण बऱ्याच अंशी शत्रूच्या पत्रांतून वाचतो. ती पत्रं नसती तर १८ ऑक्टोबर ही तारीखही हाती लागली नसती.

तरी एक आठवण कागदाविना टिकली आहे. खांदेरीवर वेताळ आहे, आणि आपले कोळी बांधव आजही त्याला नारळ द्यायला जातात. त्यांच्यासाठी ते बेट युनेस्कोच्या आधीपासून आपलं आहे. उद्या पर्यटनाच्या बोटी सुरू होतील, तिकिटं लागतील, तेव्हा या माणसांना वाटेत उभं राहून परवानगी मागायला लागू नये, एवढंच वाटतं.

आता मागणं. थळच्या किनाऱ्यावर दोन्ही बेटांची गोष्ट सांगणारा एक साधा फलक हवा, हरलेल्या भागासकट. मायनाक भंडारी आणि दौलतखान ही दोन्ही नावं त्यावर हवीत. आणि खाली एक ओळ त्यांच्यासाठी, ज्यांची नावं आपल्याला मिळाली नाहीत. ग्रामपंचायतीकडे अर्ज मी लिहितो, सह्यांना तुम्ही या.

थळ, नवगाव, वरसोली, चौलकडच्या कुणाच्या घरात आरमाराबद्दल जुनं काही सांगितलं जात असेल, एखादं गाणं, आडनावाची गोष्ट, कागदाचा तुकडा, तर मला कळवा. म्हातारी माणसं आहेत तोवरच.

नानांना अजून उत्तर द्यायचंय.