माझी आवडती रेकॉर्ड

अब्दुल करीम खाँसाहेबांची सर्वांत आवडती रेकॉर्ड कोणती, यावर साताऱ्याच्या आमच्या घरात कधीच एकमत झाले नाही. अब्बांचे मत झिंझोटीतल्या 'पिया बिन'ला. तीच ऐकून लहानग्या भीमसेन जोशींना गाण्याचे वेड लागले. अम्मीला भैरवीतली 'जमुना के तीर' हवी. दोन्ही जेमतेम तीन मिनिटांच्या, पण जीव कासावीस करणाऱ्या.

माझी निवड 'चंद्रिका ही जणू'. 'मानापमान' नाटकातले हे पद सांगलीत जन्मलेल्या कृ. प्र. खाडिलकरांचे. खाँसाहेब उत्तरेतल्या कैरान्याचे. दोघांचाही जन्म १८७२चा. मिरजेत घर केलेल्या खाँसाहेबांनी हे मराठी शब्द आपल्या सुरात भिजवून काढले.

"मुसलमान असून इतके छान मराठी कसे बोलता?" असे लोक मला आजही विचारतात. मी हसतो आणि ही रेकॉर्ड ऐकवतो. पुष्कळांचा प्रश्न तिथेच विरतो, सगळ्यांचा नाही.

१९३७ साली खाँसाहेब दक्षिणेत प्रवासात वारले. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात झाले. उरुसाला गेलो की मी त्यांच्या कबरीपाशी फातिहा पढतो. परतताना ओठांवर तेच मराठी पद असते.