मानेंतील धमनी
गेल्या माघांत माझे वडील बंधु अण्णा यांस अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात लुळा पडला, वाचा गेली. मानेंतील डाव्या धमनींत चरबीचा थर आढळला, पण धमनी निम्मीहि बुजली नव्हती. डॉक्टर म्हणाले, "थराच्या जाडीइतकाच त्यावरील पापुद्रा महत्त्वाचा. तो फाटला कीं तेथें गुठळी धरते व तिचा तुकडा मेंदूंत जातो." दुसरा झटका येईल कीं काय, हें रक्त तपासून कळेल अशी माझी भाबडी आशा. सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन वाढलेलें निघालें खरें. परंतु तें शरीरांत दाह आहे एवढेंच सांगतें, ठिकाण सांगत नाहीं. अण्णांची तर दाढहि सुजली होती! तूर्त स्टॅटिनच्या गोळीनें पापुद्रा बळकट होतो, त्यावरच भिस्त. परवां अण्णांनीं माझ्या नांवाचें पहिलें अक्षर उच्चारलें.